डब्यातलं टेबल

पंढरी जगदाळेला राहायला जे घर मिळालं त्याला चाकं होती. लोकांनी त्याचं अभिनंदन केलं, त्यानेही हौसेने पेढे वाटले. पुढे काय वाढून ठेवलंय हे पेढे वाटताना कुणाला कळतं?

सदुसष्ट सालची गोष्ट. तारापूरला विजेचं मोठं केंद्र उभं राहत होतं. कामाला माणसं चहूकडून येऊन पडली होती आणि त्यांना राहायच्या क्वार्टर्स अजून कागदावरच होत्या. त्या कागदांवरच्या निम्म्या रेघा पंढरीच्याच हातच्या. तो ड्राफ्ट्समन होता, नकाशे काढायचा. दीड वर्ष त्याने बोईसरला एका खोलीत तिघा जणांबरोबर काढलं. बायको सुगंधा आणि दोन वर्षांची हिरा तिकडे कराडजवळ, सुगंधाच्या भावाकडे. पंढरीला आईबाप नव्हते, त्यामुळे तिला ठेवणार तरी कुठे?

अशात हा ट्रेलर आला. बांधकामावरच्या परदेशी इंजिनियरांनी आपली अशी चार घरं बोटीतून आणली होती. मोटारीला जोडून ओढायची घरं. आत गॅसची शेगडी, बेसिन, पलंग, कपाटं, सगळं भिंतीला चिकटवलेलं. आपापलं काम संपल्यावर साहेब लोक मायदेशी गेले, घरं मात्र इथेच राहिली आणि केंद्राच्या स्टोअर खात्याच्या ताब्यात आली. चिंचणीच्या रस्त्याला, खाजणाच्या खाऱ्या दलदलीकडेला ती चार घरं ओळीने उभी होती. सगळे त्यांना डबे म्हणत. त्यातला तिसरा डबा जुलैत पंढरीच्या नावावर झाला.

पावसाळा सरून दिवाळी झाल्यावर सुगंधा आली, चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन परत गेली. भांडण नाही, तंटा नाही. ‘दादाला बरं नाही’ म्हणाली. दादाला काहीएक झालेलं नव्हतं, हे दादाच्याच कार्डावरून आठ दिवसांनी कळलं. मेहुण्याने लिहिलं होतं, ‘तिथे जागा फार अडचणीची पडते असे सुगंधाचे म्हणणे. टेबल सारखे आड येते. पोरीच्या कपाळाला टेंगूळ आले. काही सोय होत असेल तर पौष लागायच्या आत तिला घालवतो. नाही तर पुढचे पुढे पाहू.’

हे ‘पुढचे पुढे’ पंढरीने पुन्हा पुन्हा वाचलं. दीड वर्षात पोर त्याला बाबा म्हणायला शिकली नव्हती. मामाला मात्र ती आबा म्हणायची.

टेबल आड येत होतं हे खरंच होतं. दारातून आत पाय टाकला की उजव्या हाताला समोरासमोर दोन बाकं आणि मधे ते टेबल. मुळात ते एका पायावर उभं राहायचं आणि रात्री खाली उतरवून बाकांच्या मधे बसवलं की त्याचा पलंग व्हायचा. पण आधीच्या साहेबाला टाइपरायटर ठोकायची सवय. टेबल हलायला नको म्हणून त्याने मूळचा पाय काढून टाकला आणि खाली लोखंडाची जाडजूड बैठक बोल्टांनी जमिनीला जखडली. ते टेबल उतरेना की सरकेना. येता-जाता कमरेत कोपरा बसायचा.

पंढरीने त्याच संध्याकाळी कागद पसरला. गणित समोर आलं की त्याला बरं वाटायचं. लोखंडी बैठक काढायची, त्या जागी लाकडाचे मिटणारे दोन पाय बसवायचे, टेबल वाटेच्या बाजूने सहा इंच कापायचं, जेवताना वर, झोपताना खाली. तीन कागदांवर त्याने शाईत नकाशे काढले. वरून, समोरून, बाजूने. खाली मापं इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत. एवढ्या निगुतीने त्याने केंद्राचे नकाशेसुद्धा काढले नव्हते.

मग स्टोअरला अर्ज. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘टेबलाची बैठक व आकार बदलण्यास हरकत नाही. मात्र टेबल जागेवरून काढता कामा नये.’ पंढरी खूश झाला. काढायचं होतं कुणाला?

पहिला दणका बोल्टांनी दिला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने ते असे गंजले होते की पाना लावला की पानाच घसरायचा. आणि बोल्ट परदेशी, त्यामुळे इथला कुठलाही पाना त्यांना धड बसेना. एक नंबर ढिला, दुसरा आत जाईना. पंढरीने रॉकेल ओतलं, घणाचे घाव घातले, शिव्या घातल्या. चार संध्याकाळी गेल्या. हाताची सालटी निघाली आणि सहापैकी चार बोल्ट निघाले. उरलेले दोन त्याने वर्कशॉपातून छिन्नी आणून तोडले, तेव्हा एक तुकडा उडून बेसिनचा टवका गेला. त्याबद्दल आता स्टोअरला वेगळं उत्तर द्यावं लागणार होतं.

दुसरा दणका दादू मिस्त्रीचा. कामावरचे सगळे सुतार काँक्रीटच्या साच्यांना जुंपलेले, त्यांना मान वर करायला सवड नाही. कुणीतरी चिंचणीच्या दादू तामोरेचं नाव सांगितलं. दादू होड्या बांधणारा. साठीचा, काटक, कानावर पेन्सिलीऐवजी विडी. पंढरीने त्याच्यापुढे तिन्ही नकाशे पसरले. दादूने ते आदराने पाहिले आणि तितक्याच आदराने गुंडाळून परत दिले.

“छान काढलंय, साहेब. आता टेबल दाखवा.”

दादू आला, पाहून गेला आणि ‘उद्या आठला येतो’ म्हणाला. उद्या आला नाही. परवाही नाही. तिसऱ्या दिवशी पंढरी रजा टाकून सकाळी आठपासून वाट पाहत बसला, तर स्वारी दुपारी तीनला उगवली.

“दादू, आठ म्हणजे आठ! माझी रजा फुकट गेली.”

“आठला ओहोटी होती ना, साहेब. नावा उघड्या पडतात तवाच आमाला हात लावाला मिलतो. भरती आली, काम थांबलं, मी आलो.”

“मग उद्या कधी येणार?”

दादूने बोटांवर तिथी मोजली. “उद्या पावून तासाने उशिरा.”

झालं! सरकारने पंढरीला घड्याळ लावून कामाला ठेवलं होतं आणि हा गडी चंद्राच्या हजेरीबुकात सही करत होता. आठवड्यात दोघांच्या वेळा जेमतेम तीनदा जुळल्या. त्यातही दादूने आणलेलं लाकूड कुठल्याशा जुन्या नावेचं. सागवान बावनकशी, पण वर्षानुवर्षं माशाचं तेल प्यालेलं. रंधा फिरला की असा वास सुटायचा की शेजारच्या डब्यातल्या बाईने खिडकी लावून घेतली. पंढरीने नाक मुठीत धरून सहन केलं. मेहुण्याला कार्ड टाकलं, ‘टेबलाचे काम पूर्ण होत आले. येत्या रविवारी पाठवावे.’

आणि मग पाय कापायची वेळ आली.

पावसाळ्यात डब्याची समुद्राकडची चाकं रुतली होती. डबा एका अंगाला कलला होता, दार नीट लागत नव्हतं. ऑगस्टपासून पंढरीने मेंटेनन्सकडे तीन अर्ज दिले होते आणि तिन्ही कुठेतरी सुखाने झोपले होते. डबा रुंदीला तीन इंच उतरला होता, म्हणजे निम्म्या रुंदीच्या टेबलाच्या लांबीत आता दीड इंचाचा उतार येत होता. पंढरीने खिशातून पाणसळ काढली, टेबलावर ठेवली. काचेतला बुडबुडा एका कडेला जाऊन बसला.

“समुद्राकडचा पाय दीड इंच लांब ठेव. टेबल खाली उतरवल्यावर टेकायला बाकांच्या कडेलाही त्याच हिशोबाने पट्ट्या मार. बुडबुडा मधे आला पाहिजे.”

दादूने विडी कानावरून काढली. “साहेब, ती नळी खिशात ठेवा. नाव वाळूवर कलती पडलेली असते, तरी आमी फली तिच्या तलाशी जुलवून मारतो. आभालाशी नाय. उद्या ती पान्यात सरल उभी राहिली की?”

“ही नाव नाही, दादू. घर आहे.”

“घराला चाकं हायेत.”

“रुतलीयत ती. या जन्मात निघायची नाहीत.”

“पन तुमीच अर्ज दिलाय ना, सरल कराला?”

“एक नाही, तीन दिले. सरकारी काम आणि सहा महिने थांब.”

“मंग थांबा की,” दादू म्हणाला.

पंढरीच्या डोक्यात तिडीक गेली. इथे पौष तोंडावर आलाय, बायको येतेय, आणि हा अडाणी म्हातारा मला, डिप्लोमावाल्याला, सरळ काय नि तिरकं काय ते शिकवतोय! आवाज चढवूनच तो म्हणाला, “मी सांगतो तसं कर.” दादूने विडी पुन्हा कानावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधे येईल असे पाय कापले, पट्ट्या मारल्या, हत्यारं पोतडीत भरली आणि गेला. शुक्रवारी संध्याकाळी पंढरीने टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. एक थेंब सांडला नाही. समाधानाने त्याने ते पाणी पिऊन टाकलं.

शनिवारी तो कामावरून परत आला तर दार बोटाने ढकलताच उघडलं. त्याने लावून पाहिलं. लागलं! तो चार क्षण नुसता दाराची उघडझाप करत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, दार लागतंय म्हणजे डबा सरळ झालाय.

मागच्या बाजूने मेंटेनन्सचा मुकादम पुंजाराम हात पुसत आला. जळगावकडचा भला माणूस, चेहऱ्यावर उपकार केल्याचं तेज. “साहेब, चारी डबे जॅक लावून सरळ केले. तुमचा अर्ज सगळ्यात जुना, म्हणून तुमचा पहिला घेतला.”

पंढरी आत गेला. टेबल समुद्राकडून वाटेकडे उतरलं होतं. त्याने पेन्सिल ठेवली. ती घरंगळत आली आणि खाली पडली. टेबल उतरवून पलंग केला तर त्यालाही तोच उतार. त्यावर झोपवलेली हिरा गडगडत थेट वाटेत आली असती.

“पुंजाराम,” तो बाहेर येऊन म्हणाला, “पुन्हा होता तसा करा.”

“काय करू?”

“तिरका करा! समुद्राकडून तीन इंच खाली.”

पुंजारामने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. उन्हाचा त्रास झालेल्या माणसाकडे पाहतात तसं. “तसा अर्ज द्या, साहेब,” तो हळूच म्हणाला.

पंढरी तडक सायकल मारत चिंचणीला गेला. किनाऱ्यावर एका नव्या नावेची पूजा होती, बायाबापड्या नटून उभ्या, नारळ फुटत होते आणि दादू नावेच्या पुढच्या टोकाशी, नाळेशी हात जोडून उभा. त्याला बाजूला घेऊन पंढरीने सगळं सांगितलं. म्हातारा ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

“उद्या दुपारी येतो. ओहोटी संपली की.”

“बारा वाजता ती उतरणार आहे, दादू!”

“समुद्राला कोन सांगनार, साहेब?”

रविवारी सकाळी पंढरीने स्वतःच करवत घेतली. लांब पाय दीड इंच कापायचा, पट्ट्या उखडायच्या, त्यात काय एवढं? पण ते तेल प्यालेलं सागवान. पाव इंचावर करवत अडकली, अर्ध्यावर आतल्या जुन्या खिळ्याला लागली आणि दोन दाते उडाले. घड्याळात अकरा झाले होते. अर्धवट कापलेला पाय आणि पायात अडकलेली करवत तशीच सोडून तो बोईसर स्टेशनाकडे धावला.

सुगंधा गाडीतून उतरली. कडेवर हिरा, बरोबर पत्र्याची ट्रंक आणि फडक्यात बांधलेली भाकरीची लाकडी काठवट. हिराने पंढरीकडे पाहून आईच्या खांद्यात तोंड लपवलं. एस.टी.त सुगंधा गावाकडचं सांगत होती, भावाच्या शेतावरचं, वहिनीच्या दुखण्याचं. पंढरी मान हलवत होता आणि मनात दीड इंच मोजत होता.

डब्याशी आल्यावर त्याने ट्रंक बाहेर वाळूतच ठेवली, आधी तिला आत नेलं आणि बोलत सुटला. बोल्ट कसे होते, दादू कसा आहे, मेंटेनन्सने कसा नेमका काल दावा साधला. टेबल वर करून दाखवलं, खाली करून दाखवलं, आणि हा पाय कापला की कसं झकास होईल ते सांगताना तो घामाघूम झाला. त्याचा स्वर चढत गेला. एवढी मेहनत करून आपल्या पदरी ही फजिती का, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि ते बायकोसमोर वाटावं याची लाजही वाटत होती.

सुगंधा दारातच उभी होती. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, “झालं सांगून?”

“हो.”

“टेबल नीट करा म्हणून मी कधी म्हटलं होतं?”

“तुझ्या दादांचं कार्ड आहे माझ्याकडे. काढून दाखवू?”

“दादाला दुसरं काय सांगणार होते मी? नवऱ्याच्या घरात मी पाहुणी होते, असं सांगू?” तिचा आवाज चढला नाही. “चार दिवस होते मी इथं. पिठाचा डबा वर ठेवला, तर तुम्ही म्हणालात, तिथं नको, कपाटाचा रंग जाईल. खुंटीला खिळा मारू म्हटलं, तर स्टोअरला विचारायला हवं. देव कुठं मांडू म्हटलं, तर आत्ता ट्रंकेतच राहू दे. अहो, दीड वर्ष वहिनीच्या हाताखाली काढलंय मी. मिठाची बरणी इकडची तिकडे करायची तरी विचारते तिला. इथं येऊन आता स्टोअरला विचारत बसू?”

पंढरीला एकदम संताप आला. हे आधी सांगायला काय झालं होतं हिला? तीन आठवडे, दोन रजा, हातांची सालटी! तो तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला दुसरं आठवलं. तीन आठवड्यांत त्याने मेहुण्याला तीन कार्डं टाकली होती. सुगंधाला एक नाही. तिला काय हवंय हे त्याने नकाशाला विचारलं, पाणसळीला विचारलं, दादूलासुद्धा विचारलं.

दारात सावली पडली. दादू आला होता, ओहोटी संपवून, सांगितल्या वेळेला. टेबलाच्या पायात अडकलेली करवत पाहून तो चुकचुकला. “कुनी केला हा कसाईपना? बरं, सांगा, कवढा कापू?”

“हिला विचार,” पंढरी म्हणाला.

दादू वळला. “वैनी, कवढं उंच ठेवू?”

“ठेवूच नका,” सुगंधा म्हणाली. “बाहेर काढा. मी खाली बसून भाकरी थापते, आम्ही खाली बसून जेवतो.”

“ते काढता येत नाही,” पंढरीच्या तोंडून सवयीने निघून गेलं. “लेखी ऑर्डर आहे. टेबल जागेवरून हलवलं तर डबासुद्धा काढून घेतील.”

सुगंधाने हिराला दुसऱ्या कडेवर घेतलं. “पाचची गाडी आहे परतीची,” ती म्हणाली. “येताना विचारून घेतली. ट्रंक अजून बाहेरच आहे. आता तुम्ही सांगा.”

धमकी नव्हती ती. थकलेलं बोलणं होतं, आणि म्हणूनच पंढरीला भीती वाटली. दादू पोतडीत काहीतरी शोधण्याचं निमित्त करून खाली वाकला. पंढरीने आपल्या टेबलाकडे पाहिलं. इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत मापं काढलेलं, माशाचा वास मारणारं, लंगडं टेबल. रडू यावं इतका जीव लावला होता त्याने त्याच्यावर. सोमवारी स्टोअरला काय उत्तर द्यायचं, याची वाक्यं डोक्यात जुळायला लागली, तशी त्याने ती झटकून टाकली आणि पाना उचलला.

लाकडी पायांचे नवे बोल्ट पटापट निघाले. कधी नव्हे ते काहीतरी पटापट झालं. दोघांनी टेबल आडवं करून दारातून बाहेर काढलं, पाय काढले, पट्ट्या उखडल्या. कोपरा लागून दाराचा रंग गेला. पंढरीने तिकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ‘लाकूड घेऊन जाऊ काय?’ दादूने विचारलं. ‘घेऊन जा बाबा’ म्हणत पंढरीने हात जोडले.

मोकळ्या झालेल्या जागेत सुगंधा उभी राहिली. ती हसलीबिसली नाही. नुसती एक गिरकी घेऊन चारी कोपरे पाहून घेतले, हिराला खाली सोडलं आणि म्हणाली, “ट्रंक आणा आत.”

पंढरीने ट्रंक आणून खिडकीखाली ठेवली. नकाशाच्या दृष्टीने तीच बरोबर जागा होती.

“तिथं नको. तिथं देव बसतील.”

त्याने ती बाकाशी सरकवली.

“जरा इकडं. पोर धडकेल.”

त्याने सरकवली. कंबर मोडून आली होती, हाताचे फोड झोंबत होते आणि राग अजून पुरता गेला नव्हता. ट्रंक आता चांगली बसली होती, त्याच्या मते.

सुगंधाने मान तिरकी करून पाहिलं. “अंहं. पहिली तीच जागा बरी होती. देव दुसरीकडं मांडते.”

‘मी आधीच तिथे ठेवली होती’ हे पंढरीच्या तोंडाशी आलं होतं. ते त्याने गिळलं आणि ट्रंक चौथ्यांदा उचलली.